टेक्स्टबॉक्समध्ये फक्त हवी तीच अक्षरं कशी येऊ द्यायची

विंडोज फॉर्म्समध्ये (डॉटनेटमध्ये डेस्कटॉप खिडक्या बनवायचं साधन) वयाच्या रकान्यात फक्त आकडे हवे असतील, तर बहुतेक जण कीप्रेस इव्हेंटमध्ये, म्हणजे कळ दाबली की चालणाऱ्या कोडमध्ये, अक्षर तपासतात आणि नको ते असेल तर 'हँडल्ड' ट्रू करतात, म्हणजे ते अक्षर रकान्यात येत नाही. हे ठीकच आहे, पण कंट्रोल कॅरेक्टर्सना (बॅकस्पेससारखी, न दिसणारी अक्षरं) आधी वाट मोकळी करून द्या. नाहीतर बॅकस्पेसही अडतो आणि चुकलेला आकडा खोडता येत नाही.

राइट क्लिक करून पेस्ट केलेला मजकूर कीप्रेसमधून जातच नाही. म्हणून मजकूर बदलला की चालणाऱ्या टेक्स्टचेंज्ड इव्हेंटमध्ये पूर्ण मजकूर पुन्हा तपासा. जावा स्विंगमध्ये (जावातलं असंच साधन) रकान्यात जाणारा मजकूर आधी तपासणारा डॉक्युमेंटफिल्टर लावला की टायपिंग आणि पेस्ट दोन्ही एकाच जागी सापडतात, मला ती रचना जास्त आवडते.

आता मराठीत काम करणाऱ्यांनी नीट लक्ष द्यावं असं. अक्षर आकडा आहे का ते सांगणारं डॉटनेटचं 'इजडिजिट' देवनागरी आकडेही मान्य करतं, पण मजकुराची संख्या करणाऱ्या 'इंट पार्स'ला ते चालत नाहीत. '२५' रकान्यात बसतं आणि सेव्ह करताना एरर येते. त्यामुळे 0 ते 9 ही मर्यादा स्वतः लिहा, किंवा देवनागरी आकडे आधी बदलून घ्या. नावाच्या रकान्यात 'इजलेटर' (हे अक्षर आहे का ते सांगणारं) तर फारच त्रास देतं. काना, वेलांटी, अनुस्वार त्याच्या लेखी अक्षरं नाहीत, त्यामुळे 'मीना' टाइप केलं की 'मन' उरतं. तिथे युनिकोडच्या मार्क वर्गालाही (काना, वेलांटी, अनुस्वार यातच येतात) परवानगी द्या. खरं तर नावांवर इतका कडक पहारा नकोच. लांबीची मर्यादा बहुधा पुरते.