फ्रेंचमध्ये स्वभाव सांगताना या चुका टाळा

‘माझी आई’ किंवा ‘माझा मित्र’ अशा विषयावर फ्रेंचमध्ये परिच्छेद लिहिताना मराठी विद्यार्थ्यांकडून ज्या चुका होतात, त्यांतील बऱ्याच चुकांचे मूळ मराठीच्या सवयीत असते. उंच, प्रेमळ, हुशार, उदार, कष्टाळू ही आपली विशेषणे आईला आणि बाबांना जशीच्या तशी लागतात; फ्रेंचमध्ये मात्र बाबा ‘जेनेरो’ म्हणजे उदार असतील, तर आई ‘जेनेरोझ’ असते. ‘तिमीद’ म्हणजे लाजाळू, यासारख्या ज्या विशेषणांचे पुल्लिंगी रूपच साध्या ‘ई’ अक्षराने संपते, ती लिंगानुसार बदलत नाहीत.

एवढे पक्के झाले की पुढची चूक डोके वर काढते. विशेषण माणसाच्या लिंगाप्रमाणे नव्हे, तर वाक्यातील ज्या शब्दाला ते लागते त्याप्रमाणे बदलते. ‘पेर्सोन’ म्हणजे व्यक्ती, हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने वडिलांविषयी लिहितानाही ‘सेत् युन पेर्सोन जेनेरोझ’ असेच लिहावे लागते. उलट ‘केल्कं द’ म्हणजे ‘कोणी एक’, या रचनेनंतर विशेषण नेहमी पुल्लिंगी एकवचनीच येते, म्हणून आईविषयीही ‘से केल्कं द जेनेरो’ हेच शुद्ध. लिहून झाल्यावर प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारून ते नेमके कशाला लागले आहे हे तपासावे; माझ्या मते याहून खात्रीचा उपाय नाही.

आदरार्थी बहुवचनाचा मोहही आवरायला हवा. आपण बाईंना ‘तुम्ही फार चांगल्या आहात’ असे म्हणतो, त्यामुळे ‘वू’ या आदरार्थी सर्वनामासोबत विशेषणालाही बहुवचनाचा ‘एस’ लावला जातो. ‘वूझेत जांतीय, मादाम’ या वाक्यात क्रियापद बहुवचनी असले, तरी समोर एकच बाई असल्याने ‘जांतीय’ म्हणजे चांगली, हे विशेषण एकवचनीच राहते. एस लागला तरी उच्चार बदलत नसल्याने ही चूक बोलताना लपते आणि कागदावर उघडी पडते.

इंग्रजी ‘सेन्सिबल’च्या आधाराने ‘सांसिब्ल’चा अर्थ समजूतदार असा लावू नये, त्याचा अर्थ संवेदनशील असा होतो, आणि समजूतदार माणसासाठी ‘रेझोनाब्ल’ वापरावे. विशेषणाची जागाही सांभाळावी, कारण ‘ब्राव’ नामाच्या आधी आले तर माणूस भला ठरतो आणि नंतर आले तर शूर.