हार्ड डिस्क गेली, टॅली आणि रिटर्नच्या फाइली कशा परत मिळवायच्या

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझं कर सल्ल्याचं ऑफिस आहे. आडतवाले, डाळ मिलवाले, किराणावाले असे माझे पक्षकार. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, रिटर्नची ऐन गर्दी असताना, सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर आतून आवाज आला. टक्, टक्, टक्, थोडी घरघर, की सगळं शांत. मी घाबरून तीनदा बंद-चालू केला. तुम्ही तसं करू नका. असा आवाज येतो तेव्हा बहुतेक वेळा डिस्कच्या आतलं वाचणारं हेड बिघडलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी वीज दिली की तबकडीवर चरा पडायची भीती असते. थेट प्लग काढा.

मग डिस्क बाजूला ठेवून वही घ्या आणि काय काय गेलं ते लिहून काढा. बरंच काही गेलेलं नसतं. भरलेली आयकर रिटर्न पोर्टलवर असतात: 'ई-फाइल'मध्ये 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स' उघडा, तिथून फॉर्म, पोचपावती आणि जेसन फाइल तिन्ही उतरवता येतात. जीएसटीची भरलेली रिटर्न आणि २बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या रिटर्नवरून तयार होणारं आपल्या खरेदीचं पत्रक, जीएसटी पोर्टलवर मिळतात. टीडीएसच्या दुरुस्तीसाठी ट्रेसेस या टीडीएसच्या पोर्टलवरून कॉन्सो फाइल, म्हणजे भरलेल्या टीडीएस रिटर्नची एकत्रित फाइल मागवा. डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते, नव्या मशीनवर फक्त त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो. खरी काळजी करायची ती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, एक्सेलच्या फाइली आणि ऑफलाइन युटिलिटीत अर्धवट भरलेल्या रिटर्नची. त्या फक्त तुमच्या डिस्कवर असतात.

आवाज येणारी डिस्क घरी उघडू नका, फ्रिजमध्ये ठेवायचे उपाय तर नकोच. ती डेटा रिकव्हरीच्या लॅबलाच द्या, आणि देताना सांगा की फोल्डरची रचना आणि फाइलींची नावं जशीच्या तशी हवीत. नावं हरवलेल्या फाइली टॅलीला ओळखता येत नाहीत.

आवाज नाही, नुसतं विंडोज चालू होत नाही, तर डिस्क काढून साटा-यूएसबी केबलनं दुसऱ्या मशीनला जोडा. 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर नाही म्हणा. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवू नका, कारण ते त्या दुखऱ्या डिस्कवरच लिहायला लागतं. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्रॅम चालवून आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, मोठ्या डिस्कवर घ्या. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागांवर नंतर परत येतं. पुढचं सगळं त्या प्रतिमेवर करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, लागलेलं असेल तर ४८ आकडी की लागेल, ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

माझी डिस्क लॅबला गेली. त्याच दुपारी एक आडतवाले काका आले. "ताई, माझं खातं गेलं का ओ?" बारा दिवसांनी लॅबकडून डेटा आला, आणि आधी त्यांचंच फोल्डर उघडलं.

टॅलीचं प्रत्येक कंपनीचं फोल्डर आकड्यांच्या नावाचं असतं, म्हणजे १००००० किंवा जुन्यात १००००. आत टॅली ईआरपी ९ च्या फाइलींना डॉट ९०० आणि टॅलीप्राइमच्या नव्या आवृत्त्यांच्या फाइलींना डॉट १८०० असं शेपूट असतं. आधी फाइलींचे आकार बघा. काकांच्या फोल्डरमध्ये नोंदींची फाइल शून्य बाइटची होती, म्हणजे नाव उरलं होतं आणि आतला मजकूर गेला होता. ज्या पक्षकारांच्या फाइलींचे आकार ठीक होते, त्यांच्या फोल्डरची आधी वेगळी प्रत काढली. ही पायरी चुकवू नका: जुना डेटा टॅलीप्राइममध्ये मायग्रेट केला की तो पुन्हा जुन्या टॅलीत उघडत नाही. मग कंपनी निवडताना डेटाचा पाथ त्या प्रतीकडे दिला. उघडताना चूक दाखवली तर ऑल्ट-वाय दाबून 'रिपेअर', तेही प्रतीवरच. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला कंपनीचा डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड विसरला असेल तर मात्र काही इलाज नाही, म्हणून तो पक्षकाराच्या फाइलीत कागदावर लिहून ठेवा.

काकांच्या मुनीमजींकडं पेनड्राइव्हवर १९ दिवसांपूर्वीचा बॅकअप निघाला. तो 'रिस्टोअर' केला. राहिल्या १९ दिवसांच्या नोंदी. विक्री आम्ही बिलबुकावरून घेतली, व्यापाऱ्यांकडची खरेदी २बी वरून लावली. शेतकऱ्याकडून घेतलेला माल मात्र २बी मध्ये दिसत नाही, कारण शेतकरी जीएसटीत नोंदलेला नसतो. त्यासाठी दुकानातल्या पट्ट्यांच्या, म्हणजे शेतकऱ्याला दिलेल्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांच्या, दुय्यम प्रती काढल्या. सोयाबीनचं वजन, भाव, हमाली, तोलाई, एकेक ओळ मुनीमजी मोठ्यानं वाचत होते आणि मी टाकत होते. संध्याकाळी बँकेच्या पासबुकाशी शिल्लक जुळवली. चाळीस रुपयांचा फरक निघाला, तोही एका पट्टीवरच्या तोलाईत सापडला.