वादळात वीज गेली तर गाडीतून घरात वीज कशी घ्यावी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. अशा वेळी घरचा इन्व्हर्टर पहिल्याच रात्री मान टाकतो. दारातली पेट्रोल-डिझेलची गाडी मात्र टाकीत इंधन असेपर्यंत वीज देते.

आधी हिशेब. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन एसी बंद ठेवून जागेवर चालवलं तर तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल जातं. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेला, २३० व्होल्ट देणारा ३०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भार घेऊन तासभर चालला तर मिळतं ०.३ युनिट, म्हणजे एका युनिटला अडीच लिटर! रात्रभर पंखा फिरवायला हे परवडणार नाही. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास इंजिन चालवा आणि तेवढ्यात मोबाइल, पॉवरबँक, लॅपटॉप, चार्जिंगचे दिवे आणि चार्जिंगचा पंखा एकदम भरून घ्या. बाकीचे बावीस तास त्यांच्यावर काढा.

काय चालेल? ९ वॅटचे चार एलईडी बल्ब, १० वॅटचा राउटर, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा, दोन-तीन मोबाइल, एक लॅपटॉप: सगळं मिळून दोनशे वॅटच्या आत. साधा छताचा पंखा एकटाच ७०-७५ वॅट घेतो. फ्रिज यावर लावू नका. चालताना तो शंभर-सव्वाशे वॅटच घेतो, पण साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच ते आठ पट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. दार न उघडता फ्रिज चार तास गार राहतो. विहिरीची १ एचपीची मोटर तर विसराच. वादळाचा इशारा आला की पाण्याची टाकी आधीच भरून ठेवा. गाडीचीही भरा, कारण पेट्रोल पंपही विजेवरच चालतो.

सामान असं: ३०० वॅटचा प्युअर साइनवेव्ह इन्व्हर्टर (३०० हा आकडा 'सतत'चा हवा, खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला 'पीक', म्हणजे क्षणभराचा, नव्हे), १० स्क्वेअर एमएमची तांब्याची मल्टिस्ट्रँड केबल लाल आणि काळी प्रत्येकी दीड मीटर, केबलच्या टोकांना दाबून बसवलेले (क्रिंप केलेले) धातूचे लग्ज, ४० अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, एक मल्टिमीटर आणि १.५ स्क्वेअर एमएमची तीन कोअरची २० मीटर एक्स्टेन्शन. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर भिस्त ठेवू नका. त्याचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे फार तर १२० ते १८० वॅट.

केबल जाड का? ३०० वॅटला १२ व्होल्टच्या बाजूने २८ अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. पाच मीटर लांब, २.५ स्क्वेअर एमएमची वायर वापरली तर जाता-येता दोन व्होल्ट वायरीतच जिरतात. १३.५ चे साडेअकरा उरतात, वायर तापते आणि बॅटरी जरा उतरली की इन्व्हर्टर लो-बॅटरीची शिट्टी मारून बंद पडतो. म्हणून १२ व्होल्टची केबल आखूड ठेवा आणि लांबी २३० च्या एक्स्टेन्शनला द्या. इन्व्हर्टर गाडीजवळ, लाकडी स्टुलावर, पावसाच्या झडीपासून दूर ठेवा. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा. त्याच्या अलीकडे केबल घासून बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि आग लागते.

जोडणीचा क्रम: इंजिन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद. लाल केबल बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी निगेटिव्ह टर्मिनलला न लावता इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूच्या अर्थ पॉइंटला लावा. आपोआप इंजिन बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत निगेटिव्हवर सेन्सर असतो आणि थेट जोडलं की त्याचा हिशेब चुकतो. मग इंजिन, दोन मिनिटांनी इन्व्हर्टर, शेवटी एकेक उपकरण. बॅटरीवर मल्टिमीटर १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवायला हवा. भार असताना १३ च्या खाली उतरला तर जागेवर फिरणारा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) पुरा पडत नाहीये. भार कमी करा. इंजिन न चालवता ४० एएचच्या बॅटरीतून १०० वॅट फार तर एक तास घ्या. ती स्टार्टरसाठी बनलेली असते, खोल उतरवली की सकाळी गाडी उठत नाही.

आता जिवाशी खेळ होतो त्या दोन चुका. इंजिन बंद शेडमध्ये, सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये किंवा खिडकीखाली चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. गाडी उघड्यावर, घरापासून किमान वीस फुटांवर, सायलेन्सर खिडक्यांच्या उलट दिशेला.

दुसरी चूक म्हणजे दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये वीज घुसवणं. मेन स्विच चुकून चालू राहिला तर ते २३० व्होल्ट डीपीत उलटे चढून ११,००० होऊ शकतात, आणि पलीकडे तुटलेली तार जोडायला वायरमन चढलेला असतो. शिवाय अनेक छोट्या इन्व्हर्टरांच्या दोन्ही तारा अर्थच्या तुलनेत जिवंत असतात; टेस्टर दोन्हीकडे पेटतो. उपकरणं एक्स्टेन्शनलाच लावा.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर 'व्हेइकल टू लोड', म्हणजे गाडीच्या बॅटरीतून थेट घरच्या उपकरणांना वीज देण्याची सोय, आहे का पाहा. २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीत ते ३.३ केव्हीएपर्यंत मिळतं, आयोनिक ५ मध्ये ३.६ किलोवॅट. कंपनीचाच अडॅप्टर लागतो, तो आधी घेऊन एकदा वापरून पाहा. इथे धूर नाही, फ्रिजही चालतो. दिवसाला तीन युनिट काढली तरी ४० युनिटची बॅटरी आठवडाभर पुरते. मात्र वीज काढण्याची खालची मर्यादा ३० टक्क्यांवर लावा. जवळचं चार्जिंग स्टेशनही त्याच तुटलेल्या लाइनवर असतं, आणि कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी निघायला हवी.