ऊसतोडीआधी शेळ्यांचा वाडा चौकटींनी बंदिस्त करा

जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास कोयता चालू झाला की उसातला बिबट्या बाहेर पडतो आणि वस्तीवरचा वाडा हेरतो. म्हणून आत्ता, पाऊस उघडून जमिनीला वाफसा आला आहे तोवरच, कुंपणाचं काम उरकून घ्या.

वीस शेळ्या धरू. रात्रीच्या वाड्याला शेळीमागे १० चौरस फूट, म्हणजे १० बाय २० फूट जागा लागते. त्याला लागून दिवसाच्या मोकळ्या फिरण्यासाठी २० बाय २० फूट. सामाईक बाजू एकदाच धरली तर १० फुटी १२ चौकटींत, म्हणजे जाळी लावलेल्या पाइपाच्या सांगाड्यांत, सगळं बसतं. दारं त्यातच काढायची. चौकट १० बाय ५ फूट ठेवा. पाइप २० फुटी मिळतो, त्यामुळे तीन पाइपांत दोन चौकटी होतात आणि तुकडा वाया जात नाही. मधला उभा आधार वेगळा धरा.

वेल्ड केलेली २ इंची, १० गेजची जाळी घ्या. शेळी पुढचे पाय टेकून उभी राहते, त्याने विणलेली साखळी जाळी महिन्या-दोन महिन्यांत झोळ खाते. मोठ्या भोकाची जाळी तर नकोच. शिंगांसकट मुंडकं आत जातं आणि मागे निघत नाही.

काळ्या जमिनीत खांब फसवतात. आज घट्ट वाटलेला खांब उन्हाळ्यात भेगा पडल्या की डुलायला लागतो. खड्डा किमान २ फूट घ्या, मुरूम जवळ असेल तर मुरमापर्यंत जा. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर, बाहेर उतरता ठेवा. पाणी आणि मूत साचलं की पाइप नेमका तिथेच कुजतो. वेल्डिंगच्या जागी पाइपावरचं जस्त जळतं, तिथे त्याच दिवशी प्रायमर मारा. कोपऱ्याच्या खांबांना तिरपा टेकू द्या. काँक्रीटला आठवडाभर पाणी मारल्याशिवाय चौकटी टांगू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ५ फुटांचं कुंपण शेळी अडवतं, बिबट्याला ते काहीच नाही. रात्रीच्या वाड्यावर छप्पर हवं, आणि चौकटीचा माथा ते पत्रा ही जागा चारही बाजूंनी जाळीने बंद हवी. हवा खेळावी म्हणून ती फट बरेच जण उघडी ठेवतात आणि बिबट्या तिथूनच आत उतरतो. हवा जाळीतूनही खेळते. तिथे कोंबड्यांची पातळ जाळी लावून समाधान मानू नका, खालचीच जाळी वर न्या. बुडाशी जाळीचा फूटभर पट्टा बाहेरच्या अंगाला जमिनीत पुरून वर दगड रचा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.

दाराची वरची बिजागरी उलटी बसवायला सांगा, म्हणजे बोकडाने शिंगाने दार उचललं तरी ते निखळत नाही. कडी बाहेरून, आणि तिच्यात खिळ हवीच. नुसती सरकती कडी शेळ्या तोंडाने उघडतात.

वाड्यात दिवा घेताना वायर चौकटीवरून ओढू नका. एका जागी सोललेली वायर अख्ख्या कुंपणात करंट उतरवते. कुंपणाला मुद्दाम घरगुती वीज सोडणं तर माणसाच्या जिवावर बेततं आणि तो गुन्हाही आहे.

चौकटी बसल्या की अंधारात आत उभं राहून बाहेरून कुणाला तरी बॅटरी फिरवायला सांगा. जाळीचे चौकोन सोडून जिथून उजेडाचा झोत सलग आत येईल, तिथे दुसऱ्या दिवशी जाळीचा तुकडा लावून घ्या.