गोरज मुहूर्त आणि फोटोंचा उजेड
तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरअखेरीस पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. गोरज मुहूर्त नेमका तेव्हाच, त्यामुळे मंगलाष्टकांनंतर जोडीचे फोटो काढू म्हटलं तर अंधार झालेला असतो. ते पावणेपाच ते साडेपाचमध्ये उरका. त्यासाठी नवरीची तयारी साडेचारला पूर्ण हवी. नऊवारी, खोपा आणि मुंडावळ्यांना अडीच-तीन तास सहज लागतात, म्हणजे दीडलाच बसवा.

मांडवाचं छत मात्र पांढरं किंवा मोतिया घ्या. लाल-पिवळ्या कापडातून झिरपणारा उजेड चेहऱ्यांवर उतरतो, आणि तो रंग नंतर नीट काढता येत नाही. अंतरपाट दूर होताना फोटोग्राफर बाजूला, दोघांचे चेहरे दिसतील असा उभा हवा. भटजींना आधीच सांगून ठेवा.