खिळ्याचा विद्युतचुंबक मुलांच्या हातून

1820 मध्ये कोपनहेगन येथे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते हे दाखवून दिले. मुलांनी आधी हेच पाहावे आणि मगच खिळ्याचा विद्युतचुंबक, म्हणजे विद्युतप्रवाहाने बनणारा चुंबक, करण्याकडे वळावे.

साहित्य थोडेच लागते: सुमारे 3 इंची लोखंडी खिळा, 1.5 व्होल्टचा सेल, मूठभर टाचण्या आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी लेप दिलेली तांब्याची तार. तारेची दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासून तांबे लख्ख दिसेपर्यंत लेप काढावा. प्रयोग फसतो तो बहुधा इथेच, आणि दोष मात्र बिचाऱ्या सेलवर येतो. त्यानंतर खिळ्यावर एकाच दिशेने, एकमेकांना चिकटून 50 वेढे घालावेत, टोके सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवावीत आणि किती टाचण्या उचलल्या जातात ते मुलांनाच मोजून वहीत लिहू द्यावे. मग 100 वेढ्यांनी तेच करावे. टाचण्या बरोबर दुप्पट होतीलच असे नाही, कारण तार लांबल्यावर तिचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळाही वाढतो.

तार लवकर तापते, म्हणून एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त जोडू नये. घरातील 230 व्होल्टच्या प्लगला ही तार कधीही लावू नये, हे मुलांना सुरुवातीलाच ठामपणे सांगावे.

प्रवाह तोडल्यावरही एखादी टाचणी चिकटून राहिली, तर उत्तर लगेच देऊ नये. खिळ्यात थोडे चुंबकत्व उरते, हे मुलांना स्वतः सुचू द्यावे.