बॅगेतला टी-शर्टांचा गठ्ठा कमी करा

नवीन देशात निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कपडे किती आणू? कोट, बूट, मोजे यांवर सगळे भरभरून सल्ले देतात. टी-शर्टाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काय आहे असंच सगळ्यांना वाटतं. पण थंड देशात आला असाल तर आठवडाभरात एक गोष्ट लक्षात येईल. बाहेर कितीही गारठा असो, आत हीटर चालू असतो. ऑफिसात शिरलं की आधी जॅकेट खुंटीवर जातं, थोड्या वेळात स्वेटर खुर्चीच्या पाठीवर, आणि उरलेला दिवस समोरच्याला दिसतो तो तुमचा टी-शर्ट. ज्या कोटासाठी एवढी खरेदी केली, तो दिसतो फक्त बसस्टॉपवरच्या लोकांना.

म्हणून टी-शर्ट पारखून घ्यावा लागतो; येताना चार-पाचच आणा, बाकीचे इथे बघून घ्या. त्यातला एक मात्र असा हवा, जो अंगावर अगदी मनासारखा बसतो. जुना, विटलेला असला तरी चालेल. तो तुमचं माप आहे. एस, एम, एल ही अक्षरं देशागणिक आणि ब्रँडागणिक बदलतात. एका दुकानातला एम तुम्हाला ढगळ होईल आणि शेजारच्या दुकानातला एल काखेत काचेल. तो जुना टी-शर्ट टेबलावर सपाट पसरा आणि तीन मापं फोनमध्ये लिहून ठेवा: एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी, मागे गळ्याच्या शिवणीपासून खालपर्यंतची लांबी, आणि या खांद्याच्या शिवणीपासून त्या खांद्याच्या शिवणीपर्यंतचं अंतर. ऑनलाइन घेताना आकाराच्या अक्षराकडे न बघता ही मापं जुळवा. लांबी थोडी जास्त असली तर चालते, खांदा चुकला तर काही इलाज नाही. शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. मुद्दाम सैल, खांदा उतरलेला असा कट असेल तर गोष्ट वेगळी.

आता मऊपणाचं. दुकानात हात लावला की जे मखमलीसारखं लागतं, त्यातलं बरंचसं कापडाचं नसतंच, ते वरून दिलेल्या सॉफ्टनरचं असतं. हा थर धुण्यागणिक कमी होत जातो आणि मग खालचं खरं सूत हाताला लागायला लागतं. सूत चांगलं असेल तर टी-शर्ट वापराने आणखी मऊ होतो. सूत सुमार असेल तर चार धुण्यांत खरखरीत होतो, वर बारीक गोळे धरतो. तेव्हा हाताच्या पहिल्या स्पर्शावर भाळू नका.

सूत ओळखायचं कसं? लेबलवर किंवा वेबसाइटवर दोन शब्द शोधा: कोम्ब्ड आणि रिंगस्पन. कोम्ब्ड म्हणजे कापूस विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले. हे आखूड तंतूच पुढे वर येतात, टोचतात आणि त्यांचेच गोळे होतात. रिंगस्पन म्हणजे तंतूंना नीट पीळ देऊन काढलेलं सूत. त्याच्या तुलनेत ओपन-एंड पद्धतीचं सूत स्वस्त पडतं, पण हाताला कोरडं लागतं. काही ठिकाणी सुताचा काउंटही दिलेला असतो, २०, ३०, ४० असा. आकडा जितका मोठा तितकं सूत तलम. ३० काउंटचं एक पौंड सूत उलगडलं तर ८४० यार्डांच्या ३० लडी भरतात, म्हणजे सुमारे २३ किलोमीटर. रोजच्या टी-शर्टाला ३० काउंट छान. ४० चं कापड अंगावर सुंदर पडतं, पण बॅकपॅकचा पट्टा रोज त्याच खांद्यावर घासत असेल तर ते फार दिवस टिकणार नाही.

पिमा, सुपिमा, इजिप्शियन हे शब्दही दिसतील. पिमा लांब धाग्याचा कापूस आहे, गॉसिपियम बार्बाडेन्स या जातीचा. त्याचे तंतू साधारण ३५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब असतात, म्हणून सूत गुळगुळीत निघतं. सुपिमा हे अमेरिकेत पिकणाऱ्या पिमा कापसाचं ट्रेडमार्क नाव. ‘इजिप्शियन’ या शब्दावर मात्र माझा फारसा जीव नाही. तो फक्त कापूस कुठला ते सांगतो, धागा किती लांब ते नाही. आणि ओइको-टेक्सचं चिन्ह दिसलं तर चांगलंच, पण ते हानिकारक रसायनांच्या चाचणीबद्दल असतं. त्याचा मऊपणाशी संबंध नाही, दुकानदार काहीही म्हणो.

दुसरा आकडा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १२० ते १४० चा टी-शर्ट पातळ. उन्हाळ्यात किंवा शर्टाच्या आत घालायला ठीक, पण पांढरा असेल तर झिरझिरीत दिसतो. १६० ते १८० हा सगळ्यात कामाचा पट्टा. २०० च्या पुढचा जाड, ताठ पडणारा. तो एकटा घातला तर रुबाबदार दिसतो, पण त्यावर स्वेटर चढवला की काखेत बोचकं होतं. जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगला, हा समज सोडून द्या. जाड कापड सुमार सुताचंही असू शकतं.

मोडाल आणि लायोसेल हे दोन्ही लाकडाच्या लगद्यापासून होतात. मोडाल बहुधा बीच झाडाच्या. यांची मिसळ असलेला टी-शर्ट गार, सुळसुळीत लागतो आणि लोकरी स्वेटरच्या आत अडकत नाही, अलगद सरकतो. हिवाळ्यात मला हाच सगळ्यात आवडतो. पाचेक टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा कृत्रिम धागा, असेल तर आकार टिकायला मदत होते, त्याहून जास्त असेल तर तो व्यायामाचा कपडा वाटायला लागतो. पॉलिस्टर मिसळलेल्याचे गोळे मात्र जाता जात नाहीत. कापसावरचे गोळे झिजून गळून पडतात, पॉलिस्टरचा तंतू चिवट असल्याने तो गोळ्याला धरून ठेवतो. शिवाय हीटरच्या कोरड्या हवेत पॉलिस्टर अंगाला चिकटतं आणि दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो तो वेगळाच.

दुकानात असाल तर टी-शर्ट आधी उलटा करा. खरा माल आतल्या बाजूने कळतो. मानेच्या मागे, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत शिवणीवर पट्टी लावलेली आहे का ते बघा. ती असली की खांदे ओघळत नाहीत. मग गळ्याची रिब, म्हणजे गळ्याभोवतीची उभ्या रेघांची ताणणारी पट्टी, दोन बोटांनी ताणून सोडा. ती लगेच मूळ जागी यायला हवी. जी दुकानातच लाटेसारखी वाकडी राहते, ती घरी सुधारणार नाही, आणि टी-शर्टाचं आयुष्य गळ्यावरच संपतं. नंतर तो बाजूच्या शिवणी जुळवून उभा धरा. शिवण खाली येताना पोटाकडे वळत असेल तर कापडात पीळ राहिला आहे आणि धुतल्यावर तो आणखी वळणार. शेवटी उजेडासमोर धरा. सूत सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे, ढगाळ ठिपके नकोत. मुद्दाम गाठीगाठीचा केलेला स्लब प्रकार याला अपवाद. तो मला तरी नेहमी मळकट वाटतो.

आणि एक शिस्त पाळा. कितीही सूट असली तरी पहिल्यांदा एकच घ्या. तीन वेळा धुवा, घाला, पुन्हा धुवा. गळा, लांबी, पोत तसाच राहिला तर त्याच टी-शर्टाचे आणखी दोन-तीन रंग घ्या. पाचाचा गठ्ठा आधी घेतला की पाचही एकदमच बिघडतात.

रंगांचं म्हणाल तर सगळे पांढऱ्यापासून सुरुवात करायला सांगतात. मी नेव्ही ब्लूपासून सांगेन. तो जीन्सवर, राखाडी पँटवर, खाकीवर, अगदी काळ्यावरही जातो, डाग लपवतो आणि ब्लेझरच्या आत गंभीर दिसतो. दुसरा काळा, तिसरा पांढरा. ग्रे मेलांज, म्हणजे मिश्र धाग्यांचा ठिपकेदार राखाडी, दिसायला छान, पण घामाचा एक थेंबसुद्धा गावभर सांगतो. ट्रेनसाठी धावत जाणार असाल तर त्या दिवशी तो नको. पांढऱ्याच्या आत बनियन किंवा ब्रा पांढरी घातली की ती हमखास उठून दिसते. आत आपल्या त्वचेच्या जवळपासचा तपकिरी रंग हवा. नव्या गडद जीन्सची निळाई पांढऱ्या टी-शर्टाच्या खालच्या कडेला लागते, तेव्हा जीन्स दोन-चारदा वेगळी धुऊन झाल्याशिवाय त्यांची जोडी लावू नका.

घालायचं कसं, याचा साधा हिशेब आहे: खाली सैल तर वर बेताचं, वर सैल तर खाली सरळ. रुंद पायांच्या पँटवर किंवा स्कर्टवर टी-शर्ट आत खोचलात की कंबर दिसते आणि सगळा पोशाख सावरतो. त्यासाठी १५० च्या आसपासचं पातळ कापड घ्या, जाडाची खोचल्यावर पोटाभोवती वळकटी होते. बाहेर सोडणार असाल तर लांबी पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत पुरे. त्याखाली गेला की उंची कमी दिसते आणि जॅकेटखालून कड डोकावते. ब्लेझरच्या आत गोल गळा, अरुंद रिब आणि गुळगुळीत कापड. इंटरलॉक विणीचं (दोन्ही बाजूंनी सारखं गुळगुळीत) किंवा मर्सराइज्ड मिळालं तर उत्तम. मर्सराइज करणं म्हणजे सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया; ती जॉन मर्सर यांनी १९व्या शतकात शोधली. तिने सुताला हलकी चमक आणि मजबुती येते, आणि टी-शर्ट बनियनसारखा दिसत नाही. शर्टाची वरची बटणं उघडी ठेवणार असाल तर आतला टी-शर्ट एकतर व्ही गळ्याचा, पूर्ण लपणारा, नाहीतर गोल गळ्याचा, ठळक दिसणारा. अर्धवट डोकावणारा गळा विसरल्यासारखा वाटतो. नवीन नोकरीत मात्र पहिले काही दिवस कॉलरचा शर्ट घाला आणि बाकीचे काय घालतात ते बघा. कंपनीच्या नावाचे, कॉलेज महोत्सवाचे छापील टी-शर्ट झोपायला ठेवा.

थंडीत लांब चालायला किंवा डोंगरावर जाणार असाल तर सुती टी-शर्ट सगळ्यात आत घालू नका. कापूस घाम पितो आणि ओला राहतो. मग थांबलात की ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. तिथे मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक बेस लेयर हवा. ऑफिस ते घर एवढ्यासाठी सुती चालतो.

आता सगळ्यात जास्त टी-शर्ट कोण मारतं ते सांगतो: ड्रायर. बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा तो वापरत असतात आणि सगळे कपडे एकदम जास्त उष्णतेवर टाकून मोकळे होतात. विणीचं कापड कारखान्यात लांबीच्या दिशेने ताणलेलं असतं. उष्णता, ओल आणि घुसळण मिळाली की ते सैलावून आखडतं. ७० सेंटिमीटर लांबीच्या टी-शर्टाचे पाच टक्के म्हणजे साडेतीन सेंटिमीटर गेले, आणि रुंदी बहुतेक तेवढीच राहते, म्हणून तो तोकडा आणि चौकोनी दिसायला लागतो. प्रत्येक वेळी जाळीवर जो मऊ लोकरीसारखा थर साचतो, तो तुमच्या कपड्यांचाच तंतू असतो. लेबलवर चौकोनात वर्तुळ म्हणजे ड्रायर. आत एक ठिपका असेल तर कमी उष्णता, दोन असतील तर नेहमीची, वर फुली असेल तर अजिबात नको. पाण्याच्या टबातला आकडा तापमानाचा, काही देशांत त्याऐवजी ठिपके असतात. त्रिकोण ब्लीचचा. मी सगळे टी-शर्ट उलटे करून ३० अंशांवर धुतो आणि स्टँडच्या दांडीवर मधोमध दुमडून वाळत घालतो. ओला टी-शर्ट हँगरला टांगला तर खांद्याला दोन शिंगं येतात.

पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, असेल तर कपडे वाळल्यावर कडक लागतात. अशा वेळी फॅब्रिक सॉफ्टनर वाढवावासा वाटतो, पण त्याचा थर कापडाची पाणी शोषायची ताकद घालवतो. त्यापेक्षा मशीन खच्चून भरू नका, डिटर्जंट मापात घाला आणि एक जादा रिन्स द्या. काखेतले पिवळे डाग घामाबरोबर बऱ्याचदा अँटीपर्स्पिरंटमधल्या अॅल्युमिनियमच्या क्षारांमुळे पडतात. क्लोरीन ब्लीच ओतलं तर ते आणखी पिवळे होऊ शकतात. ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात विरघळवून टी-शर्ट तासभर भिजवा, मग नेहमीसारखा धुवा, आणि डाग गेल्याची खात्री होईपर्यंत ड्रायरमध्ये टाकू नका. डिओडरंट लावल्यावर लगेच टी-शर्ट चढवायची घाई केली नाही तर डाग मुळात कमी पडतात.